मेट्स २०२५: ४५-२४ वरून थेट ८३-७९. खापर कोणावर फोडायचं?

सातनंबरची_लोकल | २९ सप्टेंबर २०२५

१२ जूनचा सामना संपला तेव्हा न्यूयॉर्कचे मेट्स ४५-२४ होते, म्हणजे ४५ विजय, २४ पराभव. अख्ख्या मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) पहिला नंबर. काल मायामीत मार्लिन्सकडून ४-० ने हरून सीझन संपला ८३-७९ वर. वजाबाकी करा: मधल्या ९३ सामन्यांत ३८ विजय, ५५ पराभव. ३० कोटी डॉलरच्या वर पगार उचलणारी टीम प्लेऑफ टीव्हीवर बघणार.

माझं मत सरळ आहे. सीझन एका थ्रोने संपला. १२ जूनलाच नॅशनल्सविरुद्ध फर्स्ट बेस कव्हर करायला आपला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) कोडाई सेंगा धावला, फर्स्ट बेसमन अलोन्सोचा थ्रो उंच गेला, सेंगाने उडी मारून पाय ताणला आणि हॅमस्ट्रिंग गेली. तेव्हा त्याचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेले रन, कमी तितके चांगले) १.४७ होता. परत आला तो सेंगा वेगळाच होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऐन प्लेऑफच्या शर्यतीत, त्याला ट्रिपल-ए सिराक्यूजला (खालच्या लीगमधली आपली टीम) पाठवावं लागलं.

बॅटर सोटोवर खापर फोडणाऱ्यांनी आधी ४३ होमरन, ३८ स्टील आणि १२७ वॉक (फुकट मिळालेले बेस) बघून घ्यावेत. मग बोलू.

---

पहाटेचा_गजर

पुण्याहून हजेरी. ७:१० चा सामना म्हणजे आमच्याकडे पहाटे ४:४०. आता एप्रिलपर्यंत झोप.

---

फिलीचा_फितूर

आमचे फिलाडेल्फियाचे फिलीज ९६-६६. तुमच्यापेक्षा १३ सामने पुढे. मी काही बोलत नाही, फक्त इथे बसतो.

---

आकडेमोड

लोकलराव, एका थ्रोने सीझन जात नाही. एक पिचर गेल्यावर कोसळणारी टीम आधीच वाळवी लागलेली असते.

जूनच्या त्या दोन आठवड्यांत काय झालं ते ओळीने बघा. १२ तारखेला सेंगा. मग लगेच मेगिलचं कोपर. २६ तारखेला कॅनिंगची अकिलीस फाटली. मनाया तर बरगडीजवळच्या स्नायूमुळे सीझनच्या सुरुवातीपासूनच बाहेर होता, आणि मोंटास स्प्रिंग ट्रेनिंगमध्येच जखमी. दोघं परतले तेव्हा मनायाचा ईआरए ५.६४, मोंटासचा ६.२८. मोंटासचं तर पुढे कोपरच गेलं.

खरा आकडा ईआरए नाहीच, इनिंग्जचा आहे. जून ते ऑगस्ट कित्येक आठवडे डेव्हिड पीटरसन सोडला तर एकही स्टार्टर सहा इनिंग्ज पूर्ण करत नव्हता. सामन्यात २७ आउट लागतात. स्टार्टर पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट घेऊन निघाला की १४ झाले, उरलेले १३ बुलपेनने (स्टार्टरनंतर येणाऱ्या रिलीव्हर पिचरांनी) काढायचे. असं आठवड्यातून पाच दिवस. चांगला रिलीव्हर लागोपाठ दोन दिवस टाकतो, तिसऱ्या दिवशी त्याला विश्रांती द्यावी लागते. मग सातव्या इनिंगची एक रनची आघाडी सांभाळायला बुलपेनमधला आठवा माणूस उभा राहतो. मेट्सच्या निसटलेल्या आघाड्या त्या काळात सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये गेल्या, नवव्यात नाही. नवव्यात क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) डियाझ होता, ईआरए १.६३. पण नववी इनिंग आघाडीसह यायला तर हवी.

---

अंपायर_आंधळा

+१. आणि वर्षभर हेच चक्र. चाळीसहून जास्त पिचर वापरले. रोज सकाळी ट्रान्झॅक्शनची यादी वाचली की रेल्वेचं आरक्षण वाचल्यासारखं वाटायचं.

---

नवखा_बॅटर

बाळबोध प्रश्न. रेड्सही ८३-७९, आपणही ८३-७९. मग ते आत आणि आपण बाहेर कसे? नेट रनरेटसारखं काही असतं का?

---

नियमांचा_किडा

@नवखा_बॅटर, नाही. २०२२ पासून टाय फोडायला जादाचा सामना खेळवत नाहीत. आधी दोन टीम्सचे आपसातले सामने बघतात. मेट्स-रेड्स सहा झाले, रेड्सनी ४ जिंकले. जुलैत आपल्या सिटी फील्डवर तीनपैकी दोन आणि सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला सिनसिनाटीत तीनपैकी दोन. किती रन केले, किती दिले, हे इथे बघतच नाहीत.

म्हणून मेट्सना रेड्सच्या एक विजय पुढे संपणं भाग होतं. काल रेड्सही मिलवॉकीत हरले. मायामीत आणखी एक सामना जिंकला असता तर आत होतो. त्यापेक्षा कडू गोष्ट नाही.

---

पहाटेचा_गजर

त्यात भर म्हणजे पाचव्या इनिंगमध्ये बेसेस लोडेड असताना अलोन्सोचा फटका. ताशी ११५ मैलांच्या वर वेग आणि थेट लेफ्ट फील्डरच्या हातात. दोन हात इकडे-तिकडे गेला असता तर दोन-तीन रन होते. आणि शेवटचा आउट लिंडोरचा, तोही डबल प्ले.

---

फिलीचा_फितूर

मार्लिन्सना काहीतरी मानधन सुरू करा. २००७: १७ सामने उरले असताना ७ ने पुढे होतात, शेवटच्या दिवशी मार्लिन्सकडून ८-१. ग्लॅव्हिन पहिली इनिंगही पूर्ण न करता ७ रन देऊन गेला. २००८: शे स्टेडियमचा शेवटचा सामना, मार्लिन्स ४-२. तारीख २८ सप्टेंबर. काल तारीख काय होती?

---

सातनंबरची_लोकल

फितूरराव, जखमेवर मीठ चोळायचं तर निदान आयोडीनयुक्त तरी आणा.

आकडेमोड, मुद्दा मान्य आहे, पण मग प्रश्न येतो की अशी रोटेशन (पाच स्टार्टरांची फळी) बांधली कोणी? टीम चालवणाऱ्या स्टर्न्सने. त्याचा हिशोब तुम्ही मांडा.

---

आकडेमोड

मांडतो. मागच्या हिवाळ्यात पैसा असा गेला: सोटो १५ वर्षं, ७६.५ कोटी. मनाया ३ वर्षं, ७.५ कोटी. होम्स ३ वर्षं, ३.८ कोटी. मोंटास २ वर्षं, ३.४ कोटी. कॅनिंग एक वर्ष, ४२.५ लाख. सगळे डॉलर.

पिचिंगमध्ये एकही पहिल्या दर्जाचा स्टार्टर नाही. धोरण असं होतं की पिचरचे लांब करार टाळायचे, दुखापतीतून आलेले किंवा घसरलेले लोक स्वस्तात घ्यायचे आणि पिचिंग लॅबमध्ये त्यांचा बॉल सुधारायचा. २०२४ मध्ये हे मनायावर चाललं. हात टाकायची उंची खाली आणली, १८० च्या वर इनिंग्ज, ईआरए ३.४७. एकदा जमलं म्हणून चार जणांवर एकाच वेळी जुगार लावला.

होम्सचं वेगळं कौतुक. यांकीजचा क्लोजर, त्याला स्टार्टर केला, १६५ इनिंग्ज टाकल्या, ईआरए ३.५३. पण आदल्या वर्षी त्याने जेमतेम ६३ टाकल्या होत्या. असा माणूस ऑगस्टमध्ये सहाव्या इनिंगपर्यंत जाईल ही अपेक्षाच चूक. तिसऱ्यांदा तोच बॅटर समोर आला की त्याचा सिंकर (खाली घसरणारा बॉल) ओळखीचा झालेला असतो.

---

बुलपेनातला_बैल

असहमत. लांब करार म्हणजे हमी नव्हे. कॉर्बिन बर्न्सला ॲरिझोनाने ६ वर्षं २१ कोटी दिले, जूनमध्ये कोपराची टॉमी जॉन सर्जरी. स्नेलला डॉजर्सनी ५ वर्षं १८.२ कोटी दिले, तो कित्येक महिने बाहेर. हे दोघं मेट्सकडे असते तर याच धाग्यावर "म्हातारे पिचर कशाला घेतले" म्हणून आरडाओरडा झाला असता.

---

आकडेमोड

बैलोबा, यादी अर्धीच वाचलीत. मॅक्स फ्रीड यांकीजकडे: १९-५, २.८६. क्रोशे बॉस्टनकडे: १८-५, २.५९, २०० च्या वर इनिंग्ज. त्याच्यासाठी तर कराराचा जुगारही नव्हता, प्रॉस्पेक्ट्स (खालच्या लीगमधली होतकरू पोरं) द्यायचे होते. मेट्सच्या फार्ममध्ये ते होते. चौघांपैकी दोन पिचर वर्षभर टिकले आणि आपल्या चारपैकी होम्स सोडला तर एकही पूर्ण धड राहिला नाही, हे प्रमाण बघा.

---

खिशातला_दमडा

पैशाबद्दल थोडं, कारण आयपीएल बघणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो. आयपीएलमध्ये २०२५ साठी १२० कोटी रुपयांची पर्स होती, त्यावर रुपयाही नाही. एमएलबीत अशी भिंत नाही, दंड आहे. २०२५ ची पहिली रेषा २४.१ कोटी डॉलर, सगळ्यात वरची ३०.१ कोटी. सलग तिसऱ्या किंवा जास्त वर्षी रेषा ओलांडणाऱ्याला मूळ दंड ५० टक्के, आणि ३०.१ च्या वरच्या डॉलरवर आणखी ६० टक्के. म्हणजे तिथून पुढे एक डॉलर पगार दिला की १ डॉलर १० सेंट दंड. मेट्स याच खान्यात आहेत. शिवाय पहिल्या रेषेच्या ४ कोटी वर गेलं की ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतला) पहिला नंबर १० जागा मागे सरकतो.

त्यामुळे मोंटासचे वर्षाचे १.७ कोटी कागदावर १.७, प्रत्यक्षात मालक कोहेनच्या खिशातून साडेतीन. स्वस्तातला पिचर या टीमला स्वस्त पडतच नाही. हा हिशोब स्टर्न्सला आधीच्या टीमकडे, मिलवॉकीत, कधी करावा लागला नव्हता, माझ्या मते चूक तिथे आहे.

---

मांडी_घालून_बसलेला

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

---

शॉर्टस्टॉपची_सून

सगळे पिचिंगवर घसरलात, फील्डिंगचं कोणी बोलेना. होम्स आणि पीटरसन दोघंही सिंकरवाले. सिंकर म्हणजे बॅटरने बॉल जमिनीवर मारायचा आणि इनफिल्डने तो आउट करायचा. ग्राउंडबॉलवाले पिचर घ्यायचे आणि थर्ड बेसवर व्हिएंटोस, फर्स्टवर अलोन्सो उभा करायचा, हे कुठलं गणित? डबल प्ले व्हायच्या जागी एकच आउट, इनिंग लांबते, पिचरचे आणखी सात-आठ बॉल जातात. असं दोनदा झालं की तो पाचव्या इनिंगमध्ये ९० बॉलवर पोचलेला असतो. स्टार्टर लवकर का निघतो याचं अर्धं उत्तर इथे आहे.

राइट फील्डमधल्या सोटोबद्दलही, लोकलदादा, फक्त बॅटिंगचे आकडे देऊ नका. त्याची पहिली दोन पावलं उशिराची असतात. गॅपमधला सिंगल डबल होतो.

---

सातनंबरची_लोकल

सोटोचे १२७ वॉक त्या दोन पावलांची भरपाई करून वर उरतात. पण इनफिल्डचा मुद्दा बिनतोड.

---

बुलपेनातला_बैल

ट्रेड डेडलाइनला कोणी हात लावला नाही अजून. चार जण आणले: हेल्सली, टायलर रॉजर्स, ग्रेगरी सोटो, सेड्रिक मलिन्स. तीन रिलीव्हर, एक सेंटर फील्डर, स्टार्टर शून्य. हेल्सलीने इथे ७.२० ईआरए दिला. ताशी १०० मैलांचा फास्टबॉल असूनही मार खात होता, कारण कुठला बॉल येतोय हे बॅटरला त्याच्या हालचालीवरूनच कळत होतं. मलिन्सची ॲव्हरेज .१८२.

---

नियमांचा_किडा

@अंपायर_आंधळा, ती रोजची ये-जा का होते ते सांगतो, कारण ती निव्वळ घाबरटपणाने होत नाही.

रोस्टर २६ जणांचा, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. सप्टेंबरमध्ये २८ आणि १४. स्टार्टर चौथ्या इनिंगमध्येच बाहेर काढावा लागला की लाँग रिलीव्हर ५०-६० बॉल टाकतो आणि पुढचे तीन-चार दिवस निकामी. त्याच्या जागी ताजा हात हवा, म्हणून त्याला सिराक्यूजला पाठवायचं. पण पाठवलेल्या पिचरला १५ दिवस परत आणता येत नाही, कोणी जखमी यादीत गेल्याशिवाय. शिवाय एका सीझनमध्ये एका खेळाडूला पाचदाच असं पाठवता येतं. ज्याचे ऑप्शन (असं मुक्तपणे पाठवायची वर्षं) संपलेत त्याला पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतर २९ टीम्सना उचलायची मुभा.

जूनमध्ये तीन स्टार्टर गेल्यावर जुलैअखेर चांगले ऑप्शनवाले हात त्या १५ दिवसांत अडकलेले आणि उरलेले वेव्हर्सवरून उचललेले. रोज नवा चेहरा येतो तो असा.

---

नवखा_बॅटर

आता कळलं. मग नवा पिचर मॅक्लीनला आधीच का नाही आणला? तो तर आल्या आल्या जिंकत होता.

---

आकडेमोड

नोलन मॅक्लीन १६ ऑगस्टला आला. ८ स्टार्ट, ४८ इनिंग्ज, ५-१, ईआरए २.०६. कॅनिंग २६ जूनला गेला, म्हणजे मधले सात आठवडे ती जागा मोंटास आणि बदली लोकांनी चालवली. सात आठवडे म्हणजे एका जागेचे नऊ-दहा स्टार्ट. त्यात एक विजय जास्त मिळाला नसता असं कोणी छातीठोक म्हणेल का?

आता जरा संशयी बोलतो. रुकीचा दर्जा ५० इनिंग्ज ओलांडल्या किंवा ॲक्टिव्ह रोस्टरवर ४५ पेक्षा जास्त दिवस झाले की जातो. मॅक्लीनच्या ४८ इनिंग्ज. १६ ऑगस्ट ते २८ सप्टेंबर मोजा: ४४ दिवस. पुढच्या वर्षी तो रुकी म्हणूनच खेळणार, आणि पहिल्या दिवसापासून रोस्टरवर राहून रुकी ऑफ द इयर झाला तर टीमला ड्राफ्टमध्ये जादा नंबर मिळतो.

---

बुलपेनातला_बैल

तारीख जुळली म्हणून कट शिजला असं नाही. पाठोपाठ आलेल्या टाँगचं बघा. पहिला सामना १९-९ ने जिंकला, नंतर मार खाऊन ईआरए ७.७१. ट्रिपल-ए मध्ये जेमतेम दोन सामने टाकलेला पोरगा होता. लवकर आणण्याचीही किंमत असते.

---

आकडेमोड

टाँगचं बरोबर. मॅक्लीनची तुलना त्याच्याशी नको, तो ट्रिपल-ए मध्ये मे महिन्यापासून तयार होत होता.

---

अंपायर_आंधळा

मला त्या ०-७० चं सांगा. आठ इनिंग्ज संपताना मागे असलेले ७० सामने, सत्तरच्या सत्तर हरले. एवढे सोटो, लिंडोर, अलोन्सो असून?

---

शॉर्टस्टॉपची_सून

वरचे चार बॅटर सोडले तर खाली काय होतं? नवव्या इनिंगमध्ये सातव्या नंबरपासून सुरुवात झाली की बेंचवरून आणायला मारणारा माणूस नव्हता. सेंटर फील्ड वर्षभर रिकाम्यासारखंच. मेंडोझाने पिंच हिटर आणायचा तर कुठून? मॅनेजरवर मी इतरांइतकी चिडत नाही ती त्यासाठी.

पण नशीबही आहे. नवव्यात मागे असलेली कुठलीही टीम क्वचितच जिंकते, सत्तरात तीन-चार वेळा. त्यातला एक आला असता तरी पुरला असता.

---

सांगली_टू_साउथ_जर्सी

अवांतर: पुढच्या वर्षी एडिसनकडून जाणाऱ्यांनी गाडी नेऊ नका. एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंड रेल रोडची पोर्ट वॉशिंग्टन लाइन, मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरा. साधारण २० मिनिटं. सात नंबरची सबवे स्वस्त, पण जवळजवळ दुप्पट वेळ. घरचे पराठे आत नेऊ देतात, काचेची बाटली नाही.

---

फिलीचा_फितूर

पराठे खायला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत जा, ऑक्टोबरमध्ये गेट बंद असतं.

---

मांडी_घालून_बसलेला

१२ जून २०२४: मॅकडॉनल्ड्सच्या ग्रिमेस या पात्राने सामन्याआधीचा मानाचा पहिला बॉल टाकला आणि मेट्स सुटले. १२ जून २०२५: सेंगा. पुढच्या १२ जूनला सुट्टी मागून घ्या.

---

सातनंबरची_लोकल | १२ डिसेंबर २०२५

धागा वर काढतोय. पिचिंग कोच हेफनर ऑक्टोबरमध्येच गेला. मग आउटफिल्डर निमो टेक्ससला, बदल्यात सेमियन. आता याच आठवड्यात डियाझ डॉजर्सकडे, ३ वर्षं ६.९ कोटी, आणि अलोन्सो ओरिओल्सकडे, ५ वर्षं १५.५ कोटी. २६४ होमरन, मेट्सच्या इतिहासात सर्वात जास्त, आणि त्याला सोडला. ज्या माणसाने वर्षभरात १२६ रन आणले त्याला घालवून आपण सुधारणार?

---

शॉर्टस्टॉपची_सून

लोकलदादा, सप्टेंबरमध्ये तुम्हीच त्याच्या थ्रोवर सीझन लावला होता!

सेमियन सेकंड बेसवर आला हे मला पटतं, ग्राउंडबॉलवाल्यांना तो हवाच होता. स्टर्न्स आता उघड म्हणतोय की रन रोखायचे आहेत. अलोन्सो ३१ वर्षांचा, पाच वर्षांनी फर्स्ट बेसवर त्याचं काय होईल ते बाल्टिमोरने बघावं.

---

खिशातला_दमडा

डियाझचं मात्र कळलं नाही. आपण आणलेल्या रिलीव्हर डेव्हिन विल्यम्सला ३ वर्षांचे ५.१ कोटी आणि डियाझला तेवढ्याच वर्षांचे ६.९. वर्षाला ६० लाखांचा फरक. दंड धरून सव्वा कोटी समजा. कोहेनसाठी ती रक्कम मोठी नाही.

---

आकडेमोड

आणि मूळ दुखणं तिथेच आहे. आज मार्चसाठीची रोटेशन लिहा: सेंगा, मनाया, होम्स, पीटरसन, मॅक्लीन. १६२ सामने, प्रत्येकी साडेपाच इनिंग्ज धरल्या तरी स्टार्टर्सकडून ८९१ हव्यात. २०२५ मध्ये होम्स आणि पीटरसन मिळून ३३० च्या आसपास. मॅक्लीनला १७० दिल्या तर ५००. उरलेल्या ३९० सेंगा आणि मनायाकडून येणार असतील तर लोकहो, मला सांगा, कोणत्या देवाला नवस बोलायचा ते.

---

बुलपेनातला_बैल

टाँग, स्प्रोट ही पोरं आहेत की. आणि हिवाळा अजून संपलेला नाही.

---

आकडेमोड

मागच्या डिसेंबरलाही संपला नव्हता.

---

अंपायर_आंधळा

कधीच निवृत्त झालेल्या बॉबी बोनियाला बोलवा. दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर घेतो, २०३५ पर्यंत पगार चालू आहे. टाकू दे दोन-चार इनिंग्ज.

---

नियमांचा_किडा

तो थर्ड बेस आणि आउटफिल्डवाला.

---

अंपायर_आंधळा

मग थर्ड बेसवर उभा करा. व्हिएंटोसपेक्षा उजवा ठरेल.